सहलीला एकटं पवनार पुरे : ग्रामीण शाळांच्या मुख्याध्यापकांना खुले पत्र

प्रति,
वर्धा, यवतमाळ, अमरावती आणि नागपूर जिल्ह्यांतल्या ग्रामीण शाळांचे मुख्याध्यापक, सहलप्रमुख शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांमध्ये सहलीची जुळवाजुळव सुरू होते. एसटीच्या आगारात अर्ज जातो, पालकांची संमतिपत्रं गोळा होतात आणि ठिकाणांची यादी ठरते. आमचं हे पत्र त्या यादीबद्दल आहे. सेवाग्राम, पवनार, मगन संग्रहालय, गीताई मंदिर, विश्वशांती स्तूप, बोरधरण आणि वेळ उरलाच तर नागपूर, हे सगळं एका दिवसात. पहाटे निघालेली गाडी रात्री गावात परत येते आणि पवनारच्या वाट्याला जेमतेम पाऊण तास येतो. त्यातला बराचसा चपला काढण्यात, रांग लावण्यात आणि हजेरी घेण्यात जातो. मुलं नदी पुलावरून बघतात आणि आश्रमाची शेती तर त्यांच्या नजरेलाही पडत नाही.

आमची विनंती एकच आहे. पाचवी ते नववीच्या मुलांची सहल एकट्या पवनारला न्या आणि पूर्ण दिवस तिथेच द्या. फार तर दुपारनंतर सेवाग्राम जोडा. बाकीची ठिकाणं पुढच्या वर्षासाठी ठेवा.

पवनारच का, तर नदी, शेती आणि इतिहास एवढ्या जवळजवळ असलेलं दुसरं ठिकाण आपल्या भागात सहज सापडत नाही. वर्ध्याहून नागपूर रस्त्याने आठ-दहा किलोमीटरवर धाम नदीच्या काठी परमधाम आश्रम आहे. तब्येत पार ढासळलेली असताना १९३८ मध्ये विनोबा भावे इथे, जमनालाल बजाजांच्या बंगल्यात राहायला आले. इथली जमीन खणताना भरत-राम भेटीचं प्राचीन शिल्प सापडलं, ते आजही आश्रमात आहे. प्राचीन वाकाटक राजांची राजधानी प्रवरपूर म्हणजेच हे पवनार, असं मत इतिहास-संशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं होतं. १९६७ मध्ये इथे उत्खननही झालं. गांधीजींच्या अस्थींचं धाम नदीत विसर्जन झालं ते १२ फेब्रुवारी १९४८ ला. आणि १९५० साली इथेच कांचनमुक्तीचा आणि ऋषिशेतीचा प्रयोग सुरू झाला. पैशावर अवलंबून राहायचं नाही, बैल जुंपायचे नाहीत, कुदळ-फावड्याने स्वतः कसायचं, विहिरीचं पाणी माणसांनीच काढायचं, असा तो प्रयोग होता. पुढच्याच वर्षी भूमिहीनांसाठी जमीन दान मागणारी भूदानाची चळवळ उभी राहिली आणि विनोबा पायी देशभर फिरले. १९५९ मध्ये इथे बहिणींसाठी, म्हणजे एकत्र राहून साधना करणाऱ्या स्त्रियांसाठी, ब्रह्मविद्या मंदिर सुरू झालं.

हे सगळं माहितीफलक वाचून मुलांच्या डोक्यात शिरत नाही. त्याची तयारी शाळेतच करावी लागते, आणि ती फुकटात होते.

सहलीच्या आठवडाभर आधी शाळेच्या आवारात १० बाय १० फुटांचा तुकडा आखा. आदल्या दिवशी त्यावर भरपूर पाणी सोडा, कारण डिसेंबरातली काळी जमीन वरून कडक झालेली असते आणि कोरड्यात कुदळ उसळून पायावर येते. चार-चार मुलांना आळीपाळीने चार बोटं खोल खणायला लावा आणि घड्याळ लावा. समजा अर्धा तास लागला. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, म्हणजे असे जवळपास ४३६ तुकडे. याच चालीने एक एकर खणायला चार मुलांना २१८ तास लागतील. दिवसाला सहा तास धरले तर ३६ दिवस. हा हिशोब मुलांनी स्वतः फळ्यावर मांडला, की बैलांशिवाय शेती करायची म्हणजे काय हे त्यांना कुणी वेगळं सांगावं लागत नाही. मग पवनारच्या वावरात उभं राहून ती जे प्रश्न विचारतात ते ऐकण्यासारखे असतात.

त्याच आठवड्यात गावातल्या कुणाच्या कोठ्यात जुनी तिफण, म्हणजे बैलांनी ओढायचं तीन फणांचं पेरणीचं अवजार, पडलेली असेल तर ती शाळेत आणा. ट्रॅक्टर आल्यावर आपल्याकडच्या कितीतरी तिफणी आढ्याला टांगल्या गेल्या, काही चुलीत गेल्या. मुलांना तिचा एकेक भाग हाताळू द्या. वर बी सोडायचं लाकडी चाडं, त्याच्या तळाला तीन भोकं, प्रत्येक भोकातून खाली जाणारा बांबूचा पोकळ नळा, आणि नळ्याचं टोक फणापाशी. जवारीचे दाणे मुठीतून सारख्या गतीने चाड्यात सोडायला सांगा आणि खाली तिन्ही नळ्यांपाशी ताटल्या ठेवा. पहिल्या खेपेला तिन्ही ताटल्यांत सारखे दाणे कधीच पडत नाहीत. मूठ एका बाजूला कलली की कडेच्या नळ्यात जास्त जातं. मग एका नळ्याच्या तोंडाशी ओल्या मातीचा गोळा लावा आणि पुन्हा पेरा. पेरणीच्या वेळी जमीन जास्त ओली असली की नेमकं हेच होतं. फणाशी चिखल दाटतो, नळा तुंबतो, वरून बी सोडणाऱ्या बाईला ते दिसत नाही, आणि आठवड्याभराने उगवण झाल्यावर वावरात एक ओळ कोरी दिसते. मग तेवढ्या ओळीत टोबणी करत, म्हणजे हाताने एकेक बी लावत बसावं लागतं. तिफणीमागे मुठीने बी सोडणं हे कसबाचं काम होतं आणि ते बहुतेक बायका करत. मुलांना आपल्याच आजीचं हे काम कळायला हवं. ऋषिशेतीत बैल, तिफण, वखर सगळं बाजूला ठेवलं होतं. काय बाजूला ठेवलं ते माहीत असेल तरच त्या प्रयोगाचं मोल कळतं.

आता तारखेबद्दल. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारीअखेर हाच काळ योग्य. पावसाळ्यात धाम भरून वाहते आणि काळ्या मातीचा चिखल चपलेला असा धरतो की पाऊल उचलत नाही. ऑक्टोबरात ऊन तर असतंच, शिवाय गणपती आणि दुर्गाविसर्जनानंतर काठावर मूर्तींचे अवशेष, सळया, तारा, खिळे असलेल्या पाट्या पडून असण्याची शक्यता असते. मार्चपासून दुपार मुलांना सोसत नाही. तारीख धरताना गर्दीचे दिवस टाळा. १५ नोव्हेंबर हा विनोबांचा स्मृतिदिन, त्या सुमारास मित्रमिलन या मेळाव्यासाठी देशभरातून माणसं येतात. १२ फेब्रुवारीला सर्वोदय मेळा असतो. ३० जानेवारीला सेवाग्रामला गर्दी असते. या दिवसांचं महत्त्व मोठं आहे, पण चाळीस मुलांना शांतपणे काही दाखवायचे ते दिवस नव्हेत. शनिवार-रविवारीही नदीकाठी फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते, म्हणून मंगळवार ते गुरुवार यांतला एखादा दिवस घ्या.

पाण्याबद्दल आम्हाला अगदी स्पष्ट लिहायचं आहे. कुणीही पाण्यात उतरायचं नाही. पाय बुडवायला नाही, हात धुवायला नाही, फोटोला नाही, आणि शिक्षकांनीही नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेले विद्यार्थी बुडाले आणि त्यानंतर शाळांच्या सहलींवर कडक बंधनं आली. नदी पाहायला जाणाऱ्या सहलीने तर जास्तच जपायला हवं. तुमच्या तालुक्याच्या शिक्षण विभागाच्या ताज्या सूचना काढून वाचा आणि परवानगीच्या अर्जात ‘नदीकाठी निरीक्षण, पाण्यात प्रवेश नाही’ असं स्वच्छ लिहा.

धोका कुठे असतो ते मुलांना कारणासकट सांगितलं तर ती ऐकतात. धामच्या पात्रात काळ्या बेसॉल्टचे खडक आहेत. पाण्यालगतच्या खडकावर शेवाळाचा पातळ थर असतो, तो वरून कोरडा दिसला तरी चप्पल टेकताच सटकतो. खडकांच्या मधल्या खाचा किती खोल आहेत ते वरून कळत नाही, कारण हिवाळ्यात पाणी संथ असतं आणि संथ पाणी उथळ वाटतं. तिसरी गोष्ट म्हणजे वरच्या अंगाला महाकाळीचं धरण आहे. वरून पाणी सोडलं तर इथे पावसाचा थेंब नसताना पातळी वाढू शकते. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी ग्रामपंचायतीकडे किंवा तलाठ्याकडे पाणी सोडलंय का याची चौकशी करा. काठावर पोचल्याबरोबर पाण्यापासून दहा फुटांवर लाल फीत किंवा सुतळी ताणा, तिच्यापलीकडे मूल जाणार नाही. दहा मुलांमागे एक मोठं माणूस, त्यात मुलींसोबत शिक्षिका. फीत ताणल्यावर तिच्या दोन्ही टोकांना दोन मोठी माणसं उभी राहतील, आणि त्या दोघांकडे दुसरं कोणतंही काम नसेल, फोटो काढणंसुद्धा नाही. सोबत पंधरा-वीस मीटर जाड दोर आणि हवा भरलेली ट्यूब ठेवा. ती वापरायची पाळी येऊ नये, पण नसणं चालत नाही.

पाण्यात न उतरता नदीचा वेग मोजता येतो, आणि आठवी-नववीच्या मुलांना हा प्रयोग फार आवडतो. संत्र्याच्या बागेत फळगळीची फळं पडलेली असतात, त्यातली टणक अशी पाच-सहा घेऊन या. सालीसकट संत्रं तरंगतं, सोललेलं बुडतं. हे आधी बादलीत दाखवा, सालीतल्या हवेचा मुद्दा तिथेच समजतो. काठावर नदी सरळ वाहते अशी जागा निवडा आणि फितीच्या अलीकडे २० मीटर अंतरावर दोन काठ्या रोवा. शिक्षकांनी पहिल्या काठीच्या बरंच वरून, प्रवाहाच्या मध्याकडे संत्रं भिरकावायचं. पहिल्या काठीसमोर आलं की एक गट ओरडतो, दुसऱ्या काठीसमोर आलं की दुसरा, आणि तिसरा गट घड्याळ बघतो. समजा ५० सेकंद लागले, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.४ मीटर. खालचं पाणी तळाला घासत हळू वाहतं, म्हणून या आकड्याला ०.८५ ने गुणतात. सरासरी वेग आला ०.३४ मीटर. एका खेपेवर भागवू नका, किमान तीन खेपा घ्या. संत्रं खडकामागच्या भोवऱ्यात अडकलं किंवा जलपर्णीत घुसलं तर ती खेप सोडून द्या. लांबूनच फेकलेलं फळ काठालगत पडलं तरीही आकडा चुकतो, कारण काठाजवळचं पाणी सर्वांत हळू असतं. संत्र्याऐवजी थर्माकोल किंवा बाटली कधीही वापरू नका. ती परत काढायला कुणीतरी पाण्यात उतरेल, नाहीतर नदीत कचरा राहील.

मातीचा प्रयोगही बरोबर जोडा. काठावरचा गाळ आणि शेतकऱ्याला विचारून घेतलेली वावरातली माती, दोन्ही मूठमूठ ओल्या करून तळहातावर पेन्सिलीसारख्या वळायला लावा. काळ्या मातीची वळकटी गोल कडं केलं तरी सहसा तुटत नाही, वाळूमिश्रित गाळाची लगेच तुटते. उरलेली माती पारदर्शक बाटल्यांत एक तृतीयांश भरून वर पाणी घालून हलवा आणि शाळेत घेऊन जा. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, पोयटा काही तासांत, आणि चिकणमातीचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ असतं. विहिरीच्या पाण्यावर सगळी शेती उभी करणाऱ्यांना ओल धरून ठेवणारी ही माती किती उपयोगी पडली असेल, आणि हाताने खणताना तिनेच किती छळलं असेल, हे तिथे बोला.

पक्षी बघायचे तर गाडी सकाळी साडेआठच्या आत पोचली पाहिजे. दहानंतर काठावर कपडे धुणं, जनावरं, वाहनं सुरू होतात आणि पाखरं पांगतात. दहा-दहाच्या गटाला वीस मिनिटं खाली बसवा, उभं नाही. विदर्भातल्या नद्यांवर हिवाळ्यात टिटवी, बगळे, पाणकावळा, धोबी, तुतवार हे नेहमीचे. पांढरा धोबी हिवाळी पाहुणा आहे, उत्तरेतून येतो. खंड्याचे प्रकार ओळखायला लावा. काळा-पांढरा कवड्या खंड्या हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबतो आणि सूर मारतो. पांढऱ्या छातीचा मात्र पाण्यापासून दूर वावरातही दिसतो, कारण तो किडे आणि सरडेही खातो. पक्ष्यांची शंभर नावं पाठ करून घेऊ नका. मुलाने एकच पक्षी पाच मिनिटं पाहून तो काय करत होता हे लिहिलं तर ते जास्त मोलाचं आहे. काठावरची जांभळट फुलांची बेशरम तोडू देऊ नका, ती विषारी आहे.

एक सूचना जी यादीत नेहमी राहून जाते. पुलाखाली, उंच झाडांवर आग्या मोहोळ असू शकतं. दगड, धूर, फटाका, मोठ्याने लावलेला स्पीकर यांनी माश्या उठतात. आल्या आल्या एका शिक्षकाने झाडं आणि पूल नजरेखालून घालावा, मोहोळ दिसलं तर जागा बदलावी. डंख झालाच तर काटा नखाने खरवडून लगेच काढावा. जास्त डंख असतील, तोंड सुजलं किंवा धाप लागली तर थेट सेवाग्रामचा दवाखाना गाठावा. साप चावल्यास तेच, बांधाबांधी आणि मंत्रतंत्रात एक मिनिटही घालवू नये. गाडी दिवसभर तिथेच उभी राहील आणि चालक गाडीजवळच असेल, हे आगाराशी आधी ठरवून घ्या.

आश्रमाबद्दल. ते प्रेक्षणीय स्थळ नाही, तिथे बहिणी राहतात, कष्ट करतात, प्रार्थना करतात. निदान तीन आठवडे आधी पत्र पाठवा आणि उत्तर आल्याशिवाय तारीख पक्की करू नका. पत्रात मुलांची संख्या, इयत्ता, पोचण्याची आणि निघण्याची वेळ, आणि जेवण आम्ही सोबत आणतो आहोत हे लिहा. प्रार्थनेच्या वेळा विचारा आणि त्या वेळी मुलं नदीकाठी असतील असा दिवस आखा. शेती बघण्याची परवानगी वेगळी मागा. ती मिळालीच असं धरून चालू नका. मिळाली तर धुऱ्यावरूनच चालायचं, पिकात शिरायचं नाही. शिल्पांना हात लावायचा नाही, कारण हाताच्या घामाने आणि तेलाने दगड काळवंडतो. एका वेळी चाळीसपेक्षा जास्त मुलं नेऊ नका. दोन गाड्या भरत असतील तर दोन वेगळे दिवस घ्या. पैसे थोडे जास्त लागतील, पण ऐंशी मुलांच्या गोंगाटात कुणालाच काही मिळत नाही.

शेती बघताना मुलांच्या हातात कोरा कागद द्या, छापील प्रश्न नकोत. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं याचा बाण काढायचा. कोणतं काम हाताने चालतं, कोणतं यंत्राने, ते लिहायचं. शेण, पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा यांचं काय होतं ते विचारायचं. याच ऋतूत आपल्याकडे पऱ्हाटीची वेचणी चाललेली असते, तूर शेंगांवर असते, हरभरा आणि जवस वाढत असतो. जाता-येता रस्त्याकडेच्या वावरांत ही पिकं गाडीतून ओळखायला लावा.

राहिलं खाणं आणि शौचालय. खाण्याचं सोपं आहे. भाकर किंवा पोळी, झुणका, ठेचा, कोरडी भाजी, आणि शेंगदाण्याची चिक्की किंवा गूळ. पहाटे भरलेल्या डब्यात भात, खिचडी, दही नको, दुपारपर्यंत आंबतं. बिस्किटं-कुरकुऱ्यांची पाकिटं घरीच राहू द्या. प्रत्येकाची बाटली एक लिटरची, शिवाय वीस लिटरचे दोन जार गाडीत, म्हणजे चाळीस मुलांना आणखी लिटरभर. शौचालयाचा हिशोब मात्र कुणी करत नाही. समजा वीस मुली आहेत आणि शौचालयं दोन. प्रत्येकीला तीन मिनिटं धरली तरी अर्धा तास लागतो. सगळ्यांना एकदम पाठवलं की अर्ध्या मुली लाजून रांग सोडतात आणि दिवसभर पाणी पीत नाहीत. म्हणून गट बदलताना एकेका गटाला पाठवा, पोचल्यावर आणि निघण्याआधी. शौचालयं किती आणि कुठे, तिथे पाणी आहे का, पाळीच्या काळातल्या मुलींसाठी काय सोय आहे, हे एका शिक्षिकेने आधी स्वतः जाऊन पाहून यावं. याच फेरीत फितीची जागा, सावलीतली जेवणाची जागा आणि गाडी वळवायला जागा आहे का तेही पाहून होतं.

डिसेंबरात सहाच्या आत सूर्य मावळतो. तीनला आवरायला घेतलं, गाडीत चढण्याआधी गटवार आणि चढल्यावर नावानिशी अशी दोनदा हजेरी घेतली, की साडेतीनला गाडी सुटते आणि जवळच्या तालुक्यांतली मुलं उजेडी घरी पोचतात. लांबच्या शाळांनी सेवाग्राम जोडू नये.

तुमच्या शाळेची तारीख ठरत असेल तर आश्रमाला पत्र याच आठवड्यात टाका, आणि सहलीच्या परवानगीच्या अर्जावर ठिकाणाच्या रकान्यात एकच नाव लिहा.

आपले,
धाम नदीच्या काठाने शाळांच्या मुलांसोबत फिरणारे काही निसर्ग-अभ्यासक आणि शेतकरी